लाकूड मापावे की तोलावे?

चुलीसाठी कोणते लाकूड चांगले, असे घरातल्या आजीला विचारले तर ती लगेच सांगेल : बाभूळ घ्या, पांगारा नको. बाभळीचा निखारा टिकतो, पांगारा भुरुभुरु जळून जातो. हा अनुभव खराच आहे. पण म्हणून बाभळीच्या लाकडात उष्णता जास्त असते, असे म्हणता येईल का? अशाच प्रश्नाचे उत्तर मोजून काढण्याचा प्रयत्न सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत झाला. त्याची गोष्ट आपण पाहू.

तेव्हा फिलाडेल्फिया शहरात हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळत. ते 'कॉर्ड' या मापाने विकले जाई. 8 फूट लांब, 4 फूट रुंद, 4 फूट उंच अशी रास म्हणजे एक कॉर्ड, 128 घनफूट. रास तेवढीच, पण लाकूड वेगळे असेल तर ऊब वेगळी. स्वस्तातली रास घेणारे गरीब कुटुंब फायद्यात होते की तोट्यात?

मार्कस बुल या गृहस्थांनी हे तपासायचे ठरवले. त्यांनी खोलीच्या आत दुसरी खोली बांधली व आतल्या खोलीत शेगडी ठेवली. धुरातून उष्णता वाया जाऊ नये म्हणून तिची नळी खूप लांब केली. आतली खोली बाहेरच्यापेक्षा 10 अंश फॅरनहाइटने (सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने) गरम ठेवायची आणि एक पौंड लाकडावर ती किती वेळ तशी राहते ते पाहायचे, ही त्यांची रीत. हे प्रयोग त्यांनी 1826 मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे मांडले.

वजनावर पाहिले तर निरनिराळ्या लाकडांत फारसा फरक नव्हता. राशीवर पाहिले तर मात्र मोठा फरक होता. हिकरी या जड लाकडाच्या कॉर्डला 100 गुण दिले, तर व्हाइट ओकला 81 आणि हलक्या व्हाइट पाइनला फक्त 42. आता वजने पाहा. कोरड्या हिकरीचा कॉर्ड 4469 पौंडांचा, पाइनचा 1868 पौंडांचा. भागाकार करून पाहिलात तर उत्तर सुमारे 0.42 येईल!

याचे कारण लाकडाच्या रचनेत आहे. सर्व लाकडांच्या पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज, लिग्निन अशाच पदार्थांच्या असतात. फरक असतो तो आतल्या पोकळीत. हलक्या लाकडाच्या राशीत आपण बरीचशी हवा विकत घेतो.

मग तोलून घेतले की झाले? आपल्याकडे वखारीत लाकूड तोलूनच मिळते. पण ओले लाकूड तोलले, तर आपण पाणी विकत घेतो. अर्धे वजन पाण्याचे असेल तर जळायला अर्धेच लाकूड उरते. शिवाय ते पाणी उकळून घालवण्यात उष्णता खर्च होते, ज्योत थंड पडते आणि न जळलेले वायू धूर होऊन स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत जातात. म्हणून मापून घ्यायचे तर जड लाकूड पाहावे, तोलून घ्यायचे तर कोरडे.

बुल यांना या कामाचे श्रेय सहजी मिळाले नाही. उष्णतेवरील संशोधनाच्या पारितोषिकासाठी काउंट रम्फर्ड यांनी 1796 मध्ये अमेरिकन अकादमीला देणगी दिली होती. त्यावर बुल यांनी हक्क सांगितला. अकादमीच्या समितीने तो मान्य केला नाही. 1828 मध्ये बुल यांनी समितीशी झालेला पत्रव्यवहार आपल्या उत्तरासह छापून टाकला. ते पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले 1839 मध्ये, रॉबर्ट हेअर यांना.

वर्गात एक करून पाहता येईल. ताज्या फांदीचा तुकडा तोला, उन्हात ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा तोलून आलेख काढा. आलेख आडवा होईल तेव्हा सरपण तयार झाले असे समजा. मग तो आजींना दाखवा. पावसाळ्यापूर्वी लाकडे फोडून, वाळवून माळ्यावर का रचतात, हे त्या आपल्याला सांगतील.