आज्जीची आसमानगिरी

आज्जी तंजावरची. लग्न होऊन पुण्यात आली तरी हिरड्याला कडुक्कायच म्हणे. सांबार तंजावरच्या भोसले राजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, हेही छातीठोकपणे सांगे. आजोबा हसत आणि आणखी एक वाटी वाढून घेत.

तिच्या ट्रंकेत तळाशी एक कलमकारी कापड होतं. मधोमध रामाचा पट्टाभिषेक, कडेने कमळं नि पोपट. देवळात देवावर बांधायचं छत ते, म्हणजे आसमानगिरी. रथाला गोल लोंबतात त्या तोंबया. तिच्या वडिलांना ते कुणी भेट दिलं, की देवळात नवं आल्यावर त्यांनी जुनं मागून आणलं? दोन्ही गोष्टी मी तिच्याच तोंडून ऐकल्यात. नवरात्रात कोलू, म्हणजे बाहुल्यांची मांडणी, तिच्यामागच्या भिंतीवर ते लागे.

लहानपणी तिने रंगारी पाहिले होते. कोरं कापड हिरडा नि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवायचं, म्हणजे शाई फुटत नाही. बांबूच्या काडीला चिंधी गुंडाळली की झाली कलम. गूळपाण्यात गंजकं लोखंड आंबवून काळा रंग. तुरटीचं पाणी फिरवलं तर दिसतही नाही; मुळांच्या उकळत्या काढ्यात कापड बुडवलं की नेमका तिथेच लाल चढतो. हे सांगताना ती अजून आठ वर्षांचीच असे.

कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूरला राजघराण्यासाठी साड्या होत, जरीच्या विणीवर कलमाचं काम. 1855 साली तंजावरचे शिवाजीराजे वारले, वारस मुलगा नाही म्हणून कंपनीने राज्य खालसा केलं. राणीवशाचं गिऱ्हाईक गेलं, हळूहळू त्या साड्याही गेल्या. आज्जीची पणजी म्हणे तेव्हा ढसाढसा रडली. राज्यासाठी नव्हे, करुप्पूरचं लुगडं आता मिळणार नाही म्हणून. माझ्या हिशेबाने पणजी तेव्हा पाळण्यात असावी, म्हणजे रडली असेलच. देवाला मात्र छत लागतंच, त्यामुळे तिकडच्या सिक्कल नायक्कनपेट्टैत देवळांसाठी कलम चालत राहिली.

आमच्या कापडावरचा लाल अजून डाळिंबी आहे. लोखंडी काळा मात्र सूत खातो. रेघ होती तिथे तिथे कापड चिरलं. आज्जी दुपारी चष्मा लावून काळ्या दोऱ्याने ते रफू करी. पार रामाच्या भुवयांपर्यंत. मारुतीचं शेपूट तिने मुळापेक्षा वीतभर लांब केलंय.