अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल : खेळाडूंची भरती कशी होते, संघ कसा बांधतात?

गोवा, कोल्हापूर किंवा बेळगावात फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू, डोक्यावर हेल्मेट आणि लांबट चेंडू हातात धरून पळत किंवा फेकून पुढे न्यायचा. तिथे कॉलेजच्या सामन्यांनाही प्रचंड गर्दी होते; एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त लोक बसतात. पण संघाचं भवितव्य बरंचसं ठरतं ते मैदानाबाहेर, खेळाडूंच्या भरतीत.

भरती कशी होते?

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. कॉलेजात तसं नाही. कुठे जायचं हे मुलगा स्वतः ठरवतो, त्यामुळे कोचलाच त्याच्या दारी जावं लागतं. कोच शाळेत जाऊन खेळ बघतात, घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात, मुलाला कॉलेज बघायला बोलावतात. भरतीवर लक्ष ठेवणाऱ्या वेबसाइट्स मुलांना पाच ताऱ्यांपर्यंत गुण देतात.

मुलाने 'तुमच्याकडे येतो' असा शब्द दिला, तरी तो कोणावरच बंधनकारक नसतो. सही होईपर्यंत मुलगा फिरू शकतो आणि कॉलेजही. पूर्वी सह्या फेब्रुवारीत व्हायच्या. २०१७ पासून डिसेंबरमध्येही मुदत मिळू लागली आणि आता बहुतेक मुलं तेव्हाच सही करतात.

नियम कसे बदलले?

कॉलेज खेळांचं नियमन एनसीएए ही संस्था करते. खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसे द्यायचे नाहीत, हा तिचा जुना नियम. तो वारंवार मोडला म्हणून टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा अख्खा हंगाम रद्द करण्यात आला होता. त्यानंतरचे मोठे बदल असे :

- २०१८ : 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू. कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूचं नाव या यादीत येतं आणि इतर कोच त्याच्याशी बोलू शकतात.
- २०२१ : स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमाई करायची खेळाडूंना मुभा. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अटही गेली.
- २०२५ : कोर्टातल्या तडजोडीनुसार कॉलेजांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची परवानगी. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजच्या सगळ्या खेळांसाठी मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तडजोडीत सामील कॉलेजांना ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा उरली नाही. त्याऐवजी फुटबॉल संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू.

संघबांधणीचं गणित

आता कोचपुढे दोन वाटा आहेत. शाळेतून मुलं घ्यायची आणि दोन-तीन वर्षं घडवायची, नाहीतर पोर्टलमधून तयार खेळाडू आणायचा. दुसऱ्या वाटेचं गाजलेलं उदाहरण म्हणजे इंडियाना. २०२३ मध्ये या संघाने फक्त ३ सामने जिंकले होते. नवे कोच कर्ट सिग्नेटी आले, जेम्स मॅडिसन या आपल्या जुन्या कॉलेजातले अनेक खेळाडू सोबत घेऊन आले आणि २०२४ मध्ये संघाने ११ विजय मिळवले.

उलट टोकाला आर्मी, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ. तिथे शिस्त कडक, वजनाचे नियम आणि पदवीनंतर सैन्यात सेवा. त्यामुळे १४०-१५० किलोचे धिप्पाड खेळाडू मिळणं अवघड. म्हणून हा संघ चेंडू फार फेकत नाही. 'ऑप्शन' पद्धतीत क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, समोरच्याची हालचाल बघून चेंडू कोणाकडे द्यायचा ते आयत्या वेळी ठरवतो. हाताशी आहेत त्या खेळाडूंना साजेसा डाव, हे त्यामागचं सूत्र. २०२४ मध्ये आर्मीनेही १२ सामने जिंकले.

मुलाच्या वाट्याला काय?

पूर्वी शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने सराव करून संघात शिरणारी मुलं असायची. १०५ च्या मर्यादेने अशांच्या जागा आधी कमी झाल्या. शाळेतून येणाऱ्या १७-१८ वर्षांच्या मुलाची स्पर्धाही आता २२ वर्षांच्या अनुभवी गड्याशी असते. पोर्टलमध्ये नाव टाकलं म्हणजे नवीन कॉलेज मिळेलच असंही नाही, आणि जुनं कॉलेज शिष्यवृत्ती थांबवू शकतं.

म्हणून सही करण्याआधी घरच्यांनी चार गोष्टी लेखी बघायला हव्यात : शिष्यवृत्ती किती वर्षांची, दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कोणाकडे, पैशांच्या करारातून बाहेर पडायच्या अटी काय, आणि खेळ सुटला तरी पदवी पूर्ण करता येईल का. भरतीला आलेला कोच उद्या दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतो. मुलाच्या हातात कागदावर लिहिलेलं तेवढंच राहतं.