पाकिटावरची तारीख छापणारा प्रिंटर: तो चालतो कसा आणि सुरक्षितपणे चालवायचा कसा?

दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, फरसाणाचं पाकीट, खोकल्याच्या औषधाचा खोका. यातलं काहीही हातात घेतलं, तर कुठेतरी कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांनी बनलेली एक ओळ दिसते: बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि एमआरपी. बाकीचं पाकीट आधीच छापून आलेलं असतं. ही ओळ मात्र माल लाईनवर धावत असताना, अगदी शेवटी उमटते.

ती उमटवणाऱ्या यंत्राला कारखान्यात कुणी 'कोडिंग मशीन' म्हणतं, कुणी 'बॅच प्रिंटर', तर कुणी नुसतंच 'इंकजेट'. त्याचं तांत्रिक नाव कंटिन्यूअस इंकजेट, म्हणजे सीआयजे. एमआयडीसीतल्या छोट्या मसाला युनिटपासून मोठ्या डेअरीपर्यंत हे यंत्र सगळीकडे असतं. ते चालवायला बहुतेक ठिकाणी वेगळा माणूस नसतो. पॅकिंग लाईनवरचाच ऑपरेटर ते सांभाळतो. 'दिसायला प्रिंटर आहे, म्हणजे ऑफिसातल्यासारखाच असणार' हा समज इथे महागात पडतो. या प्रिंटरच्या पोटात ज्वलनशील द्रव असतो आणि त्याच्या हेडमध्ये काही हजार व्होल्टचा दाब असतो.

शाईची धार थांबतच नाही

घरातल्या इंकजेट प्रिंटरमध्ये गरज असेल तेव्हाच थेंब बाहेर पडतो. सीआयजेमध्ये मात्र मशीन चालू असेपर्यंत शाईची धार अखंड वाहत असते, छपाई सुरू असो वा नसो. माणसाच्या केसाच्या जाडीइतक्या छिद्रातून, म्हणजे साधारण 60 ते 70 मायक्रॉनच्या नोझलमधून, पंप ही शाई दाबाने बाहेर ढकलतो. आतला पिझो क्रिस्टल सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि त्या थरथरीमुळे धारेचे एकसारखे थेंब होतात. पाण्याची धार थेंबांमध्ये का तुटते याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1878 मध्येच मांडलं होतं. त्या थेंबांना विद्युतभार देऊन हवं तिकडे वळवण्याचं तंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी 1960 च्या दशकात विकसित केलं. आजची यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात.

ज्या थेंबाने अक्षर बनवायचं, त्याला चार्ज मिळतो. पुढे हाय व्होल्टेजच्या दोन पट्ट्यांमधून जाताना तो वळतो आणि पाकिटावर जाऊन बसतो. चार्ज न मिळालेले थेंब सरळ जाऊन समोरच्या एका बारीक नळीत पडतात. या नळीला 'गटर' म्हणतात. तिथून ती शाई पुन्हा टाकीत जाते. बहुतांश थेंब कधीच पाकिटापर्यंत पोहोचत नाहीत, ते नुसते गोल गोल फिरत राहतात.

या फेऱ्यांमध्ये एक अडचण आहे. गटर शाईसोबत हवाही ओढतं. त्या हवेबरोबर शाईतला द्रावक उडून जातो आणि शाई घट्ट होत जाते. म्हणून मशीन स्वतःच तिचा घट्टपणा मोजतं आणि दुसऱ्या बाटलीतून थोडा थोडा द्रावक मिसळत राहतं. या द्रावकाला ऑपरेटरच्या भाषेत 'मेकअप' म्हणतात. शाईपेक्षा मेकअप जास्त का लागतो, हा स्टोअरवाल्यांना नेहमी पडणारा प्रश्न. त्याचं उत्तर हेच आहे. आणि उडून गेलेला तो मेकअप जातो कुठे? त्याच खोलीच्या हवेत.

शाईपेक्षा मेकअपकडे लक्ष हवं

प्लॅस्टिक, काच, धातू अशा शाई न शोषणाऱ्या पृष्ठभागावर अक्षर एक-दोन सेकंदांत वाळायला हवं. त्यासाठी बहुतेक शायांमध्ये मिथाइल इथाइल किटोन, म्हणजे एमईके, हा द्रावक असतो. तो झटपट उडतो, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे 9 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजेच आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, अगदी डिसेंबरच्या पहाटेसुद्धा, उघड्या बाटलीच्या तोंडाशी पेट घेण्याइतकी वाफ असते.

ही वाफ हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असते. ती वर न जाता खाली बसते, फरशीवरून पसरते, केबलच्या खाचांमध्ये आणि टेबलाखाली साठते. त्यामुळे छताजवळ लावलेला एक्झॉस्ट फॅन बघायला बरा वाटला, तरी पुरेसा नसतो. हवा खालच्या बाजूनेही ओढली गेली पाहिजे. पॅकिंग हॉलमध्ये श्रिंक टनेल, सीलिंगचे हीटर, हॉट एअर गन अशी तापणारी उपकरणं प्रिंटरपासून दोन हातांवर असतात, म्हणून हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मेकअपचा साठा त्या हॉलमध्ये ठेवूच नये. दिवसाला लागेल तेवढ्याच बाटल्या लाईनवर आणाव्यात.

शरीरावरचा परिणाम आगीइतका नाट्यमय नसतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोकं जड होतं, त्वचा कोरडी पडून भेगाळते. जुन्या कारखाने अधिनियमाच्या (1948) दुसऱ्या अनुसूचीत एमईकेसाठी आठ तासांच्या कामाची सरासरी मर्यादा 200 पीपीएम दिलेली आहे. नाकाला वास येतो तो याच्या बऱ्याच आधी. पण थोड्या वेळाने नाक सरावतं आणि वास जाणवेनासा होतो. 'आता वास येत नाही' याचा अर्थ हवा स्वच्छ झाली, असा होत नाही. बंद, वातानुकूलित खोलीत प्रिंटर असेल, तर कॅबिनेटच्या मागची वाफ पाइपने थेट बाहेर सोडलेली बरी.

हातमोज्यांबद्दल एक गोष्ट अनेक कारखान्यांत चुकते. बऱ्याच ठिकाणी निळे नायट्राइलचे मोजे दिले जातात. तेल-ग्रीससाठी ते उत्तम असतात, पण एमईकेसमोर फार वेळ टिकत नाहीत. फुगतात, मऊ पडतात आणि द्रावक आतल्या कातडीपर्यंत पोहोचतो. जास्त वेळ हाताळायचं असेल तर ब्युटाइल रबरचे मोजे लागतात. पातळ नायट्राइल वापरायचेच असतील तर ते फक्त उडणाऱ्या थेंबांपुरते, आणि ओले झाले की लगेच बदलायचे. हाताला लागलेली शाई मेकअपनेच पुसायची सवय तर मोडायलाच हवी. शाई निघते, पण तिच्याबरोबर त्वचेवरचं नैसर्गिक तेलही निघतं.

डोळ्यांना चष्मा हवाच, तोही बाजूने बंद असलेला. धार चालू असताना नोझल 'येतंय का' म्हणून समोरून वाकून बघणारे बरेच असतात. डोळ्यात थेंब गेलाच, तर 15 मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवायचा आणि मग डॉक्टर गाठायचा.

हेड धुताना ठिणगी कुठून येते?

रोजच्या कामातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे प्रिंट हेड धुणं. आधी धार बंद करायची आणि ती बंद झाल्याची स्क्रीनवर खात्री करायची. धार बंद झाली की हाय व्होल्टेजही बंद होतं. मग हेडचं झाकण काढून ते खाली तोंड करून धरायचं आणि वॉश बॉटलने मेकअपची बारीक धार नोझल, चार्ज इलेक्ट्रोड, पट्ट्या आणि गटरच्या तोंडावर सोडायची.

खाली भांडं कोणतं ठेवता, याला महत्त्व आहे. कापलेली प्लॅस्टिकची बाटली किंवा आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवणं सोयीचं वाटतं. पण द्रव वाहताना आणि शिंतडताना स्थिर विद्युत तयार होते. प्लॅस्टिकमधून तिला जमिनीकडे जायला वाट मिळत नाही, आणि हेड जवळ नेलं की ठिणगी पडू शकते. म्हणून धातूचा ट्रे किंवा पेला, आणि तोही तारेने मशीनच्या अर्थिंगला जोडलेला असावा. मशीनचं स्वतःचं अर्थिंग चांगलं असणं हे तर त्याआधीचं. भाड्याच्या गाळ्यात तीन पिनांच्या प्लगमधली तिसरी पिन खरंच जमिनीपर्यंत जाते का, हे वायरमनकडून मोजून घ्यावं.

धुतल्यावर हेड पूर्ण वाळू द्यायचं. इथेच घाई होते, कारण लाईन थांबलेली असते आणि सुपरवायझर घड्याळ बघत असतो. ओल्या पट्ट्यांवर हाय व्होल्टेज आलं की मशीन बहुतेक वेळा 'ईएचटी ट्रिप'सारखा अलार्म देऊन थांबतं. ओल्या हेडमध्ये वाफ आणि ठिणगी एकाच जागी असतात, ही त्यातली खरी भीती. नोझलच्या छिद्रात टाचणी किंवा वायर घालणं हाही असाच एक उद्योग. छिद्र एकदा ओरखडलं की धार कायमची वाकडी होते आणि नवं नोझल घ्यावं लागतं. चोंदलेल्या नोझलवर मेकअपचा थेंब टाकून तो मशीनच्या मेनूमधून उलटा ओढून घेण्याची सोय दिलेली असते. तीच वापरायची.

स्विच पाडून बंद करायचं नाही

शिफ्ट संपली, मेन स्विच पाडला, दिवे मालवले. पॅकिंग मशीनला हे चालून जातं, इंकजेटला नाही. व्यवस्थित बंद केल्यावर मशीन स्वतः नोझलमधून मेकअप फिरवून शाई धुऊन टाकतं आणि नळ्या रिकाम्या करतं. त्याला काही मिनिटं लागतात. मधेच वीज गेली की शाई जागच्या जागी वाळते आणि सकाळचा तासभर नोझल मोकळं करण्यात जातो. ज्या भागात वीज वारंवार जाते, तिथे एक छोटा यूपीएस घेतला तर तेवढी मिनिटं मिळतात.

उलट टोकही बरं नाही. चहा-जेवणाच्या प्रत्येक सुट्टीला धार बंद-चालू केली, तर दरवेळच्या धुण्यात शाईत मेकअप मिसळतो. शाई पातळ होते आणि अक्षरं फिकी येतात. अर्ध्या तासासाठी धार चालू ठेवलेलीच बरी. मशीन काही आठवडे बंद राहणार असेल, तर मात्र शाई काढून पूर्ण फ्लश करून ठेवावं.

मशीन अडलं की आधी काय बघायचं?

'गटर फॉल्ट' आला म्हणजे धार नळीत नीट पडत नाही. बहुतेक वेळा गटरच्या तोंडावर शाई वाळलेली असते किंवा धार किंचित सरकलेली असते. धुतलं की काम होतं. अक्षरं खालून-वरून तुटत असतील तर शाईचा घट्टपणा आणि चार्ज इलेक्ट्रोडवरची घाण बघायची. अक्षरं ताणली किंवा दाबली जात असतील, तर दोष शाईत नसतो. कन्व्हेयरचा वेग बदलतोय आणि प्रिंटरला ते कळत नाही, म्हणजे एन्कोडर सैल झालाय किंवा बसवलेलाच नाही.

अक्षर छान आलं पण अंगठ्याने पुसलं जातंय, ही पावसाळ्यातली ठरलेली तक्रार. थंडगार दुधाच्या पिशवीवर दमट हवेत पाणी धरतं आणि शाई प्लॅस्टिकवर नव्हे, पाण्यावर बसते. छपाईच्या आधी हवेच्या फुंकाऱ्याने तो भाग कोरडा करणं हा साधा उपाय आहे. मात्र तो फुंकारा हेडच्या रोखाने येता कामा नये. कोरड्या फिल्मवरही शाई धरत नसेल, तर फिल्म पुरवणाऱ्याकडे कोरोना ट्रीटमेंटची चौकशी करावी. पॉलिथिन मुळात शाई धरत नाही, ही प्रक्रिया करून तिला तयार करावं लागतं.

स्वस्त पडतो म्हणून बाजारातला सुटा थिनर मेकअपच्या जागी ओतणं हा प्रकार सर्रास चालतो. एकदा-दोनदा काही होत नाही, आणि तिथेच फसगत होते. द्रावक शाईशी जुळला नाही तर आतल्या आत गाठी होतात आणि फिल्टर, पंप, नोझल असा सगळा मार्ग बिघडतो. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट दुरुस्तीला जातात.

तारीख चुकली तर

सुरक्षितता ऑपरेटरपुरतीच नसते. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार पाकिटावर निर्मितीचा महिना-वर्ष आणि सर्व करांसह किंमत असायला लागते. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयचे 2020 चे लेबलिंग नियम आहेत. मशीनचं घड्याळ एक दिवस पुढे असलं तर ते स्क्रीनवर कुणाला खटकत नाही, पण त्या शिफ्टचा सगळा माल चुकीच्या तारखेने बाहेर जातो. वीज गेल्यानंतर, बॅटरी बदलल्यावर आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला घड्याळ तपासावं. पहिलं पाकीट फाडून वहीत चिकटवावं आणि त्यावर दुसऱ्या माणसाची सही घ्यावी. ऑपरेटरने स्वतःच्याच कामावर केलेल्या सहीला फारसा अर्थ नसतो.

सांडलं किंवा पेटलं तर

सांडलेला मेकअप वाळू किंवा शोषक पावडरने टिपायचा, पाणी मारून नालीत ढकलायचा नाही. जड वाफ नालीतून पुढच्या गाळ्यापर्यंत जाते. आगीसाठी कोरड्या पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हाताशी हवा. पाण्याचा जोराचा फवारा पेटलेला द्रावक आणखी पसरवतो. शाईने भिजलेली फडकी कोपऱ्यात न टाकता झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकायची.

वापरलेला द्रावक आणि जुनी शाई हा घातक कचरा आहे. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार तो भंगारवाल्याला देता येत नाही. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी दिलेल्या केंद्रांकडे द्यावा लागतो. तळोजा आणि रांजणगाव इथे अशी सामायिक केंद्रं आहेत. रिकाम्या बाटल्याही त्याच कचऱ्यात जातात. त्या नीटनेटक्या, घट्ट झाकणाच्या दिसतात म्हणून पाणी किंवा रॉकेल भरायला कुणी घरी नेत असेल, तर झाकण फेकून आणि तळाला भोक पाडूनच त्या गेटबाहेर सोडाव्यात.