विलायतेच्या आगबोटीचे भाडे आणि भाड्याबाहेरचा खर्च

मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटींच्या कंपन्या आपल्या छापील पत्रकांतून कोणत्या वर्गास किती भाडे पडेल, त्या भाड्यात निजावयाची जागा, भोजन, स्नानगृहाचा उपयोग आणि ठराविक सामान यांपैकी काय काय मिळेल, याचा खुलासा मोठ्या दक्षतेने करीत असत. आणि युरोपियन उतारूला तेवढी माहिती बहुधा पुरेशीही होत असे. परंतु ज्याला गोमांस शिजलेल्या भांड्यातले अन्न वर्ज्य होते, ज्याच्या पाण्याला परक्याचा हात लागून चालत नव्हता आणि परत आल्यावर ज्याला ज्ञातीच्या पंचांपुढे उभे राहावयाचे होते, त्या हिंदू उतारूला हवी असलेली सोय त्या पत्रकात कोणत्याच वर्गाच्या रकान्यात नव्हती, आणि म्हणून ती पैसे टाकूनही विकत मिळत नव्हती. आपल्या लोकांच्या समुद्रगमनाचा इतिहास लिहिताना आपण शास्त्रार्थाच्या वादांना फार मोठे स्थान देतो. माझ्या मते या इतिहासाचा अधिक खरा दस्तऐवज उतारूंच्या शिधासामग्रीच्या यादीत आणि त्यांच्या भाड्याबाहेरच्या खर्चात सापडतो.

समुद्रयानाचा निषेध जुना आहे. बौधायन धर्मसूत्राने पातित्य आणणाऱ्या कर्मांत त्याची गणना केली आणि पुढील निबंधकारांनी ते कलिवर्ज्यांत घातले. असे असताही राघोबादादांनी इंग्रजांकडे आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नामक ब्राह्मण वकील आणि त्याच्यासमवेत मणियार नावाचे पारशी पितापुत्र यांना इंग्लंडला रवाना केले, ते १७८१ साली लंडनमध्ये होते. वकिलातीचे राजकीय फळ काही विशेष निघाले नाही. तथापि त्या परमुलखात सोवळ्याने स्वयंपाक करून जेवणे या ब्राह्मणाला किती दुर्घट झाले आहे, हे एडमंड बर्क या पार्लमेंटातील प्रख्यात वक्त्याच्या लक्षात आले, आणि त्याने या मंडळींना आपल्या गावच्या घरी नेऊन, झाडांसाठी बांधलेले काचघर त्यांच्या स्वयंपाकपाण्यासाठी मोकळे करून दिले. इतके जपूनही स्वदेशी परतल्यावर त्यांना शुद्धीसाठी सुवर्णयोनीतून बाहेर पडण्याचा पुनर्जन्माचा विधी करावा लागल्याची नोंद आहे. आणि त्या विधीस लागणारे सोने हा त्या प्रवासाचा खर्च नव्हता असे कोण म्हणेल?

तो काळ शिडांच्या जहाजांचा, आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रवासाचा होता. वाफेचे युग मुंबईला दिसले ते २० मार्च १८३० रोजी, ज्या दिवशी मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट सुएझच्या दिशेने निघाली. तिची बांधणी पाच-सहा दिवसांच्या कोळशाच्या अंदाजाने झालेली होती, आणि एडनपर्यंतचा पल्ला तर त्याच्या दुप्पट. तेव्हा उतारूंच्या खोल्या आणि दिवाणखाना यांतसुद्धा कोळसा भरावा लागला, आणि बोट इतकी जड झाली की तिचा काठ पाण्याला टेकतो की काय असे पाहणाऱ्यांना वाटावे. अशा बोटीवर उतारूंच्या सुखसोयींचा प्रश्नच उद्भवत नव्हता. २२ एप्रिलला ती सुएझला पोहोचली. पुढे या मार्गाने जाणारे उतारू सुएझला उतरून कैरोपर्यंतचे वाळवंट गाड्यांतून वा जनावरांवरून ओलांडीत, नाईलमार्गे अलेक्झांड्रिया गाठीत आणि तेथे दुसऱ्या बोटीवर चढत; प्रत्येक ठिकाणी सामानाची चढउतार, प्रत्येक ठिकाणी हमाली आणि बक्षिसी.

याच सुमारास, १८३८ साली, मुंबईच्या वाडिया घराण्यातील जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण जहाजबांधणीचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेले. पारशी समाजाला समुद्राचा निषेध नव्हता. तरीही स्वधर्मी नोकराच्या हातचे अन्न खाण्याचा निर्बंध त्यांनी पाळला आणि त्याची तजवीज बरोबर नेली. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन गेलेले रंगो बापूजी गुप्ते यांची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. चौदा वर्षांच्या आसपास लंडनमध्ये राहून १८५३ च्या अखेरीस ते परत फिरले, तेव्हा त्यांच्या हाती न्याय तर नव्हताच, कर्ज मात्र होते. राजकारणासाठी केलेल्या या प्रवासांत आगबोटीचे भाडे ही सर्वांत लहान रक्कम असे. मोठी रक्कम मुक्कामाची, आणि तिची मुदत कोणालाच आधी ठाऊक नसे.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून निघालेला उतारू बोट न बदलता इंग्लंडच्या किनाऱ्याला लागू लागला. सरकारी टपालाचा मक्ता असलेल्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी या मार्गावर अग्रगण्य होत्या. एडनला सुमारे पाच दिवस, मार्सेल्सला दोन आठवडे आणि सबंध समुद्रमार्गाने लंडनला तीन आठवडे असा अदमास पुढे कित्येक वर्षे चालला. ज्याला वेळ वाचवायचा असे तो इटलीतील ब्रिंदिसीला किंवा मार्सेल्सला उतरून आगगाडीने पुढे जाई. पण त्या आगगाडीचे भाडे, वाटेतील खानपान आणि जादा सामानाचा आकार यांचा विचार केला म्हणजे वाचलेला आठवडा बराच महाग पडे, आणि म्हणून बेताच्या ऐपतीचा विद्यार्थी बिस्केच्या उपसागराचे हेलकावे पत्करून थेट लंडनपर्यंत बोटीतच राही.

भाड्यात काय येते आणि काय येत नाही, याचा हिशेब कालमानाप्रमाणे बदलत गेला. पहिल्या काही दशकांत पी. अँड ओ. कंपनीच्या भाड्यात मद्याचाही समावेश असे. अर्थात जो मद्याला शिवत नाही तो उतारू शेजाऱ्याच्या पेल्याचे पैसे भरीत असे. पुढे मद्याचा हिशेब वेगळा झाला आणि आपल्या मंडळींवरचा हा अन्याय, कोणी तक्रार न करताच, दूर झाला. डेकवर पडण्याची लांब खुर्ची उतारूने स्वतः घेऊन तीवर नाव घालावे, अशी पद्धत होती. खोलीची व्यवस्था ठेवणारा, मेजावर वाढणारा, स्नानाचे पाणी काढणारा अशा प्रत्येक सेवकाला प्रवासाच्या शेवटी बक्षिसी द्यावी लागे, आणि ती न देणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले जाई ती नजर चुकविण्यासाठी गरीब विद्यार्थी आपल्या जवळचे शेवटचे शिलिंग मोजून ठेवी. सामानाचेही दोन भाग करावे लागत: वाटेत लागणारे खोलीत, न लागणारे बोटीच्या तळघरात. तळघरात एकदा गेलेली पेटी हवी तेव्हा हाती येत नसे, म्हणून तांबड्या समुद्रासाठी पातळ कपडे आणि भूमध्य समुद्रापुढे लोकरीचे, हा विचार मुंबईतच करून ठेवणे भाग होते. जाणते उतारू जाताना बोटीच्या उजव्या अंगाची खोली मिळावी म्हणून खटपट करीत, कारण दुपारचे ऊन डाव्या अंगावर पडे. तांबड्या समुद्रात मात्र उजवे-डावे सारखेच होई, आणि लोक गाद्या उचलून डेकवर निजावयास जात. जून ते सप्टेंबरच्या दरम्यान निघणाऱ्याला एडनपर्यंत बोट लागल्यावाचून राहत नसे. त्या दिवसांत भाड्यात समाविष्ट असलेले भोजन कोणत्याही धर्माच्या उतारूच्या उपयोगी पडत नसे.

परंतु भोजनाची खरी अडचण निराळी होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले, हे ध्यानात घेतले म्हणजे तीन आठवडे खलाशी आणि खानसाम्यांच्या हातचे अन्न खाणाऱ्याची स्थिती काय असेल ते सांगावयास नको. या प्रश्नाचा सर्वांत हृदयस्पर्शी दाखला मोहनदास गांधी या अठरा वर्षांच्या काठियावाडी मुलाचा आहे. मुंबईत मोढ वाण्यांची जात जमली आणि तिने त्याला बहिष्कृत करून, जो कोणी त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप देण्यास जाईल त्याला सव्वा रुपया दंड होईल असा हुकूम फर्मावला. ज्या मेहुण्याकडे भाड्याची रक्कम ठेवलेली होती त्याने जातीच्या भयाने ती देण्याचे नाकारले. मग एका स्नेह्याकडून कर्ज काढून तिकीट, कपडे आणि वाटेचा खाऊ यांची तरतूद झाली. ४ सप्टेंबर १८८८ रोजी बोट सुटली. जुनागढचे त्र्यंबकराय मजमुदार हे वकील त्याच्याच खोलीत होते आणि ते त्याला मेजावर जेवावयास येण्याचा आग्रह करीत. परंतु काटे-चमचे कसे धरावेत ते ठाऊक नाही, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे खानसाम्याला विचारण्याचे धैर्य नाही, म्हणून तो मुलगा खोलीतच बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर दिवस काढी. ज्या भोजनाचे पैसे भाड्यात आधीच भरलेले होते, ते न जेवता त्याने आईला दिलेले मांस न खाण्याचे वचन पाळले. पुढील काळातील त्याची थोरवी घटकाभर बाजूला ठेवली, तरी ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत अशा असंख्य विद्यार्थ्यांचा प्रवास असाच झाला असला पाहिजे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह उभे आहेत. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणसमारंभासाठी १९०२ साली इंग्लंडला जाताना त्यांनी ‘ऑलिंपिया’ नावाची संपूर्ण आगबोटच भाड्याने घेतली. तीवर श्रीगोपालजींची स्थापना केली, मुदपाकखाना आणि शागिर्दपेशा आपला ठेवला, निघताना समुद्राची पूजा करून त्याला सोन्यारुप्याचे अर्घ्य दिले, आणि इंग्लंडचे पाणी तोंडात जाऊ नये म्हणून गंगाजलाने भरलेले चांदीचे प्रचंड रांजण बरोबर नेले. प्रत्येकी सुमारे चार हजार लिटर पाणी मावेल असे ते रांजण जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहावयास मिळतात. महाराजांची श्रद्धा निःसंशय खरी होती. परंतु काठियावाडी मुलाने उपवासाने जे साधले तेच त्यांनी द्रव्याने साधले, आणि या दोन हिशेबांत मला पहिला अधिक मोठा वाटतो.

स्त्रियांची अडचण याहून निराळी. पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या आणि आपल्या प्रवासाची हकीकत त्यांनी मराठीतून लिहून पाठविली, ती त्याच वर्षी छापून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. लुगडे नेसून, शाकाहार सांभाळून परक्या स्त्री-पुरुषांत आठवडेच्या आठवडे वावरणे, यासाठी लागणारे मनोबल कोणत्या वर्गाच्या तिकिटाने मिळणार होते?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर बोटीवर चढण्यापूर्वी डॉक्टरची तपासणी अटळ झाली. अंगात थोडा ताप असला तरी तिकीट हातात असून धक्क्यावरून परत फिरण्याचा प्रसंग येई. १९०६ च्या जूनमध्ये विनायकराव सावरकर ‘पर्शिया’ बोटीने निघाले, तोपर्यंत हिंदी विद्यार्थ्यांचे लहान लहान घोळके एकत्र प्रवास करू लागले होते, आणि घरच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या सोबत्यांना धीर देण्याचे काम सावरकरांवर पडले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. अशा सोबतीमुळे मेजाची भीती जितकी कमी झाली, तितकी शास्त्रींच्या निर्णयपत्रांनी झाली असेल असे मला वाटत नाही.

आपल्या मालकीची आगबोट असावी ही आकांक्षाही याच अनुभवातून बळावली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ ही बोट विकत घेऊन, सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी सिंदिया कंपनी उभारली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. परंतु बोट मूळची १८९१ सालची, कोळसा फार खाणारी, आणि परक्या कंपन्यांचा विरोध कडवा. चारच वर्षांत ती मोडीत काढावी लागली आणि कंपनीने मालवाहतुकीकडे मोर्चा वळविला. विलायतेच्या वाटेवर आपल्या बोटीत, आपल्या स्वयंपाक्याच्या हातचे जेवत जाण्याचा योग त्या पिढीला लाभला नाही.

१९३१ च्या ऑगस्टात गोलमेज परिषदेसाठी दोन बोटी दोन आठवड्यांच्या अंतराने सुटल्या. १५ तारखेच्या ‘मुलतान’ने डॉ. आंबेडकर गेले आणि २९ तारखेच्या ‘राजपुताना’ने गांधीजी. तेच गांधीजी आता दुसऱ्या वर्गाचे उतारू होते. त्याच बोटीवर पंडित मदनमोहन मालवीय गंगाजल आणि गंगेची माती घेऊन होते. आपल्या सहकाऱ्यांनी मित्रांच्या प्रेमामुळे जमा झालेल्या पेट्यांचा केवढा पसारा आणला आहे, हे पाहून गांधीजींनी त्यांना कडक शब्दांत समज दिली आणि फाजील पेट्या एडनहून परत पाठविल्या. याच सुमारास इटालियन कंपनीची ‘व्हिक्टोरिया’ ही वेगवान मोटरबोट मुंबईच्या मार्गावर आली, आणि तिच्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात यंत्राने थंड केलेली हवा खेळत असे. डेकवर गादी टाकण्याची तांबड्या समुद्रातील चाल सधनांपुरती तरी मागे पडू लागली. दुसऱ्या महायुद्धात ही बोट बुडाली.

युद्धानंतरचा अध्याय थोडक्यात सांगता येतो. अँकर लाइनच्या ‘सिलिसिया’, ‘सर्कॅशिया’, ‘कॅलेडोनिया’ या बोटी मुंबई आणि लिव्हरपूल यांच्या दरम्यान येत-जात राहिल्या, आणि बॅलार्ड पिअरवर हारतुऱ्यांसह निरोप घेणाऱ्या तरुणांच्या पेट्यांत लोणची, पापड, मेतकूट आता सोवळ्यासाठी नव्हे तर जिभेसाठी असे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले. तरीही जड सामान नेणाऱ्या कुटुंबांना आणि काटकसरी विद्यार्थ्यांना बोटच परवडे. अँकर लाइनने १९६६ मध्ये आपली उतारूसेवा बंद केली. पुढच्याच वर्षीच्या जूनमध्ये सुएझचा कालवा लढाईमुळे बंद पडला तो १९७५ पर्यंत. त्या काळात विलायतेला बोटीने जाणे म्हणजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालणे झाले, आणि आठवड्यांच्या त्या वाढलेल्या मुदतीचे भाडे, भोजन व बक्षिसी यांची बेरीज विमानाच्या तिकिटाच्या शेजारी मांडून पाहण्याचे कारण कोणालाच उरले नाही.