न्यिनामुकारीचे अरण्य

युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, काँगोच्या सीमेला लागून, ब्विंडी नावाचे एक अरण्य आहे. त्याच्या पोटात मुब्विंडी ही विस्तीर्ण दलदल आहे. तिच्या नावामागे तेथील लोक एक कथा सांगतात. दक्षिणेकडून स्थलांतर करीत आलेले एक कुटुंब या दलदलीपाशी अडले. पलीकडे जायचे तर मुलीचा बळी द्या, असे दलदलीतल्या आत्म्यांनी बजावले. मागे फिरण्याची सोय नव्हती. दोन दिवस घालमेल झाली आणि अखेर न्यिनामुकारी या लेकीला पाण्यात लोटून कुटुंब पैलतीरी गेले. तेव्हापासून या जागेला न्यिनामुकारीची काळोखी जागा म्हणू लागले. या अरण्याचा अलीकडचा इतिहास वाचताना ही कथा वारंवार आठवते.

ब्विंडी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे ३२१ चौरस किलोमीटर आहे. समुद्रसपाटीपासून ११६० मीटरपासून २६०७ मीटरपर्यंत ते डोंगरउतारांवर चढत जाते. शेवटच्या हिमयुगात हवा कोरडी झाली, आफ्रिकेतील वर्षावने आटत गेली. जी थोडी टिकली त्यांत ब्विंडी होते. म्हणूनच एवढ्याशा जागेत इतकी जीवसृष्टी दाटली आहे. पक्ष्यांच्या सुमारे ३५० जाती येथे आहेत. निळ्या रंगाचा भला मोठा तुराको फांदीवरून फांदीवर धावताना दिसतो. हिरवा ब्रॉडबिल हा दुर्मीळ पक्षी पाहण्यासाठी जाणकार मुब्विंडीच्या काठापर्यंत पायपीट करतात. आफ्रिकेतील सर्वांत मोठे फुलपाखरू याच झाडीत उडते. त्याच्या पंखांचा विस्तार वीतभर असतो. चिंपांझी आहेत, काळी-पांढरी कोलोबस माकडे आहेत, ड्यूकर नावाची बुटकी, लाजरी हरणे आहेत, हत्तींचा एक लहान कळपही आहे. मात्र बिबट्या व रानरेडा आता नाहीत. शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते येथून नाहीसे झाले.

या सर्वांत ज्याच्यासाठी जग ब्विंडीकडे येते तो म्हणजे पहाडी गोरिला. जगात त्याची वस्ती दोनच ठिकाणी आहे : एक येथे आणि दुसरी जवळच्या विरुंगा ज्वालामुखींच्या रांगेत. कोणत्याही प्राणिसंग्रहालयात तो नाही. पाठीवर रुपेरी केस आलेला प्रौढ नर कळपाचा प्रमुख असतो. पाला, देठ, साली आणि फळे हा त्यांचा आहार. रोज संध्याकाळी प्रत्येक प्रौढ प्राणी फांद्या-पाने वाकवून नवे अंथरूण रचतो. मादीला साधारणतः चार वर्षांतून एकदा एकच पिल्लू होते. एक पिल्लू दगावले, तर ती उणीव भरून निघण्यास कितीतरी काळ लागतो.

ब्रिटिश अमलात, १९३२ साली, या जंगलाचे दोन भाग राखीव झाले. १९६४ मध्ये त्यास प्राण्यांचे अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला. परंतु कागदावरचा दर्जा आणि प्रत्यक्ष राखण यांत फार अंतर होते. देशात अराजक माजले असता इमारती लाकूड कापणाऱ्यांच्या करवती आत शिरल्या, ओढ्यांतून सोने शोधले जाऊ लागले, सापळे लागले. अखेर १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९४ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

जंगल वाचले, ही आनंदाची गोष्ट. तथापि त्याची किंमत कोणी मोजली?

या अरण्यात बात्वा नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. शिकार, कंदमुळे आणि मध यांवर त्यांचा निर्वाह होता. कोणत्या सालीने कोणता ताप उतरतो, कोणत्या ढोलीत मधमाश्या आहेत, हे त्यांना तोंडपाठ होते. करवती घेऊन आलेले लोक ते नव्हेत. तरी १९९१ मध्ये उद्यान झाले तेव्हा बाहेर पडावे लागले ते त्यांनाच. त्यांच्यापाशी जमिनीचा कागद नव्हता, म्हणून बहुतेकांच्या हाती भरपाईही पडली नाही. ज्यांनी कधी नांगर धरला नव्हता, ते दुसऱ्याच्या शेतावर मोलमजुरी करू लागले, दुसऱ्याच्या जागेत झोपडी बांधून राहू लागले.

आसपासच्या शेतकऱ्यांचाही संताप झाला. लाकूडफाटा बंद झाला, पिकांत शिरणाऱ्या जनावरांना हाकलण्याची पंचाईत झाली. जंगलात वणवे लावले गेले. तेव्हा अधिकाऱ्यांना उमगले की केवळ पहारेकऱ्यांच्या बळावर अरण्य राखता येत नाही. मग काही ठरावीक भागांत मधाची पोळी ठेवण्यास, टोपल्यांच्या वेली व औषधी वनस्पती आणण्यास परवानगी मिळाली. १९९३ पासून गोरिला पाहण्यास पर्यटक येऊ लागले आणि पुढे उत्पन्नातील वाटा गावांच्या शाळा-दवाखान्यांकडे वळू लागला. १ मार्च १९९९ रोजी सीमेपलीकडून आलेल्या बंडखोरांनी आठ परदेशी पर्यटकांची व एका युगांडी अधिकाऱ्याची हत्या केली. त्या आघातातूनही हे काम सावरले.

१९९६ मधील एक घटना मात्र विचार करावयास लावते. गोरिलांच्या एका कळपाला खरूज झाली. केस झडले, कातडी सोलवटली, एक पिल्लू दगावले. युगांडाच्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी उरलेल्यांवर उपचार केले व उगमाचा माग काढला. रोग माणसांकडून आला होता. गरीब शेतकऱ्यांनी शेतातील बुजगावण्यांना आपले जीर्ण कपडे चढविले होते. जिज्ञासू गोरिलांनी ते हाताळले असावेत, असा निष्कर्ष निघाला. ज्या घरी साबण व औषध पोहोचत नाही, त्या घरची खरूज अरण्यातही पोहोचते. या अनुभवातून त्यांनी २००३ मध्ये एक संस्था स्थापन केली. ती गोरिलांचे आणि शेजारच्या गावकऱ्यांचे आरोग्य एकत्रच पाहते.

वाचकहो, प्रयत्नांना फळ आले आहे. १९९७ च्या गणनेत ब्विंडीत सुमारे ३०० गोरिला होते. २०१८ च्या गणनेत, काँगोतील लगतचे छोटे अभयारण्य धरून, ते ४५९ भरले. त्याच वर्षी पहाडी गोरिलाचे नाव अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीतून एक पायरी वर आले. एवढ्या मोठ्या वानराच्या बाबतीत असे क्वचितच घडते.

बात्वांच्या वाट्याला मात्र असा आकडा आला नाही. त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने मान्य केले की त्यांना पुरेशी भरपाई मिळाली नाही व ते त्यांच्या भूमीवर उपरे झाले. उद्यान होऊन तोवर तीस वर्षे लोटली होती. अरण्यात जन्मलेले कित्येक वृद्ध निकाल ऐकण्यास उरले नव्हते.

उद्यानाच्या कडेला, त्यांच्यासाठी विकत घेतलेल्या जमिनीच्या एका तुकड्यावर, आज बात्वा वृद्ध पाहुण्यांना आपले पूर्वीचे जीवन दाखवितात. काड्या घासून अग्नी कसा पेटवावा, धूर करून मध कसा काढावा, औषधी पाला कसा ओळखावा. पाहुण्यांच्या मागे त्यांची नातवंडेही उभी असतात. आजा ज्या रानात वाढला ते रान त्यांना येथेच, तासाभरात, शिकावयाचे असते. गोरिला पाहण्यासही पाहुण्याला एकच तास मिळतो. जो कोणी तेथे जाईल, त्याने हे दोन्ही तास काढावेत. पैलतीरी पोहोचल्याचा आनंद खरा आहे. परंतु मागे राहिलेल्या न्यिनामुकारीचे नाव तेथील लोकांनी अद्याप पुसलेले नाही, हेही तितकेच खरे आहे.