हिंगोलीचा सावकार आणि चेहऱ्यांचा ग्रंथ

हिंगोली हे एकेकाळी निजामाच्या राज्यातील छावणीचे गाव. हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य येथे १९०३ पर्यंत होते. निजामाच्या नोकरीतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीच्या प्रस्तावनेत येथील हरिसिंगाची हकिगत दिली आहे. हरिसिंग गावातला प्रतिष्ठित सावकार. खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याकडून परवाना घेतला, वाटेत दुसऱ्याच एका व्यापाऱ्याला नोकर आणि बैलवाल्यांसकट ठार केले आणि त्याचा माल त्या परवान्यावर आणून छावणीत उघड विकला. हा ठगांचा म्होरक्या आहे हे तो पकडला गेल्यावरच कळले. छावणीच्या बाजारात मारलेल्यांची प्रेते पहाऱ्यापासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरलेली होती; ती उकरताना टेलर हजर होता. ठगीविषयीचे इंग्रजी लेखन आज सगळेच इतिहासकार जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. पण रोजच्या ओळखीच्या चेहऱ्यामागचा माणूस कळला नाही, ही टेलरची स्वतःचीच कबुली आहे.

तीसेक वर्षांनी हाच टेलर ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथातील फोटोंसाठी वर्णने लिहू लागला. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगच्या खासगी हौसेतून सुरू झालेला हा संग्रह १८५७ नंतर सरकारी काम बनला आणि १८६८ ते १८७५ दरम्यान त्याचे आठ खंड निघाले. पानावर चिकटवलेला फोटो, त्याखाली बहुधा माणसाचे नव्हे तर जातीचे नाव, आणि सोबत त्या जातीच्या स्वभावाचा निवाडा: अमुक प्रामाणिक, तमुक लबाड. कॅमेऱ्याला स्वभाव टिपता येत नव्हता. तो मजकुरातून येई. शेजारी फोटो असल्याने मात्र मजकुराला पुराव्याचे वजन मिळे.

१८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनच्या इंडिया ऑफिसात मुलांसह गेले; तिथे हा ग्रंथ ठेवलेला होता. हिंदुस्थानात नोकरीवर निघालेले तरुण इंग्रज तिथे हीच चित्रे चाळत. ती पाहून ते आपल्याविषयी काय मत करून घेतील, हा सर सय्यदांचा सल त्यांच्या पत्रात उतरला आहे. त्यांचा मुलगा महमूद पाने उलटत असताना एका इंग्रज तरुणाने विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद ओशाळला. होय म्हणाला, आणि लगेच खुलासा केला की आपण तिथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज परदेशातून आलेले. हाच महमूद पुढे अलाहाबाद हायकोर्टाचा न्यायाधीश झाला.