इंदूरचा खतखड्डा : चुकतमाकत घडलेल्या एका पद्धतीचा इतिहास

#थ्रेड #शेतीचा_इतिहास

१/ गच्चीवरच्या बागेसाठी जुन्या पिंपात भाजीचे देठ, वाळलेली पाने आणि थोडे शेण थरांवर थर देऊन भरले जाते. काही आठवड्यांनी पिंपाला वास सुटतो किंवा आतला पाला कोरडाठाक राहतो. अनेकांचा पहिला प्रयोग इथेच फसतो. या फसण्याला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण होळकरांच्या इंदुरात घडले. जगभरच्या शेतीविषयक ग्रंथांत ज्या पद्धतीला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, तिची ही हकिकत.

२/ या विषयावर समाजमाध्यमांत एक गोष्ट वारंवार फिरते. एक इंग्रज शास्त्रज्ञ भारतीय शेतकऱ्याला शिकवायला आला, उलट त्याच्याकडूनच सारे शिकला आणि ते ज्ञान पश्चिमेला घेऊन गेला. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण ती अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागात चीन आहे, इंग्लंडमधील प्रयोगशाळा आहेत, दोन जवळजवळ विसरलेली माणसे आहेत आणि बऱ्याच चुका आहेत.

३/ अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणानंतर ते वेस्ट इंडिजमध्ये बुरशीशास्त्रज्ञ म्हणून गेले. उसाच्या रोगांचा अभ्यास करणे आणि बागाईतदारांना सल्ला देणे हे त्यांचे काम होते. तिथे त्यांना स्वतःच्या कामातील मोठी उणीव जाणवली. रोगावरचा उपाय ते सांगत होते, पण तो करून पाहायला त्यांच्या हाताशी स्वतःची जमीन नव्हती. सल्ला चुकला तर त्याचा फटका दुसऱ्याच्या पिकाला बसणार होता. ही बोच त्यांच्या पुढच्या सगळ्या कामामागे राहिली.

४/ १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. काही वर्षांनी त्यांना प्रयोगासाठी ७५ एकर जमीन मिळाली आणि स्वतःचे पीक स्वतः पिकवून पाहण्याची संधी आली. पुसाभोवतालचे शेतकरी फवारणीची औषधे वापरत नव्हते, तरीही त्यांची पिके बऱ्यापैकी निरोगी असत. हॉवर्ड यांनी त्या शेतकऱ्यांचे निरीक्षण सुरू केले. शेतकरी आणि कीड हेच आपले गुरू, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. कीड म्हणजे शत्रू नव्हे, जमिनीचे किंवा पिकाचे काहीतरी बिघडल्याची ती खूण आहे, असे त्यांचे मत बनत गेले.

५/ या टप्प्यावर पहिले विसरलेले नाव येते, गॅब्रिएल हॉवर्ड यांचे. केंब्रिजमध्ये घडलेल्या या वनस्पती-शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्ट यांच्या पत्नी होत्या आणि स्वतंत्र योग्यतेच्या संशोधकही होत्या. पुसा येथील गव्हाच्या सुधारित जातींवरील काम दोघांनी मिळून केले आणि त्यांच्या अनेक निबंधांवर दोघांची नावे आहेत. १९३० साली गॅब्रिएल यांचे निधन झाले. इंदूर पद्धतीवरील पुस्तक १९३१ साली आले. त्यामुळे पद्धतीची कीर्ती पसरली तेव्हा त्या हयात नव्हत्या आणि लोकांच्या स्मरणात एकटे अल्बर्ट उरले.

६/ पुसात संशोधनाची विभागणी झालेली होती. वनस्पतीचा विभाग वेगळा, रसायनाचा वेगळा, बुरशीचा वेगळा आणि किडीचा वेगळा. शेतातले पीक मात्र अशा खात्यांत वाटलेले नसते. हॉवर्ड दांपत्याला जमीन, पाणी, बैल आणि पीक यांचा एकत्र विचार करणारी संस्था हवी होती. १९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, तर पैशाचा भार इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आणि मध्य भारतातील काही संस्थानांनी उचलला. साम्राज्याला हवा होता कापूस. त्या कापसाच्या निमित्ताने खताचा प्रश्न ऐरणीवर आला.

७/ माळव्याच्या काळ्या जमिनीत खताचा तुटवडा होता आणि त्याची कारणे शेतकऱ्याच्या घरातच दिसत होती. जळणाला लाकूड नव्हते, म्हणून शेणाच्या गोवऱ्या होऊन त्या चुलीत जात. गोठ्यातले मूत्र मातीत मुरून वाया जाई. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळल्या जात. उकिरड्यावर जे साठे, ते उन्हात सुकून आणि पावसात धुऊन निकस होई. भारतीय शेतकऱ्याला सगळेच अवगत होते, हे म्हणणे इथे टिकत नाही. मिश्रपिकांचे आणि कडधान्याच्या फेरपालटीचे त्याचे ज्ञान पक्के होते. खताच्या बाबतीत मात्र गरिबीने त्याचे हात बांधले होते.

८/ उत्तराचा एक धागा चीनमधून आला. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९०९ साली चीन, कोरिया आणि जपानचा प्रवास केला. त्यांचे ‘फार्मर्स ऑफ फॉर्टी सेंच्युरीज’ हे पुस्तक १९११ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले. पाला, माती, कालव्याचा गाळ आणि मैला कुजवून तिथले शेतकरी शतकानुशतके जमीन कशी सुपीक ठेवतात, हे किंग यांनी बारकाईने नोंदवले होते. दुसरा धागा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथून आला. १९२१ साली हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी गुरांवाचून, केवळ काडापासून खत करता येते हे दाखवले होते. काड कुजायला नत्र आणि हवा किती लागते, याचे मोजमाप तिथून मिळाले.

९/ दुसरे विसरलेले नाव यशवंत डी. वाड यांचे. ‘पेशव्यांच्या रोजनिशी’चे संपादक गणेश चिमणाजी वाड ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे आडनाव परके वाटणार नाही. यशवंत वाड इंदूरच्या संस्थेत रसायनाचे काम पाहत. खड्ड्यातील नत्र वाढते की घटते, आम्लता कशी बदलते, कोणत्या टप्प्यावर काय कुजते, याच्या तपासण्यांवाचून ही पद्धत उभी राहिली नसती. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे पुस्तक काढले. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. पुढे उद्धृत करणाऱ्यांनी मात्र बहुधा पहिलेच नाव घेतले.

१०/ पद्धत घडली ती अडचणी सोडवता सोडवता. एकाच प्रकारचा पाला घातला की तो नीट कुजत नसे. म्हणून पहिला नियम ठरला : कचरा नेहमी मिश्र हवा. हिरवे तण तसेच घातले तर त्याचा ओला चिखल होऊन हवा कोंडे. म्हणून ते आधी सुकवायचे. पऱ्हाट्या लाकडासारख्या टणक, त्या कुजेनात; म्हणून त्या शेताच्या रस्त्यावर पसरायच्या आणि गाड्यांच्या चाकांखाली चिरडू द्यायच्या. या शेवटच्या उपायाला यंत्र लागले नाही आणि वेगळी मजुरीही पडली नाही. जाणारी-येणारी बैलगाडीच ते काम करून जाई.

११/ सुकवलेला, चिरडलेला पाला आधी बैलांखाली अंथरला जाई. गोठ्याची जमीन फरशीची नव्हती, मातीची होती. मूत्राने भिजलेली ही माती ठरावीक काळाने खणून काढत आणि तिच्या जागी नवी टाकत. मग सुमारे ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात थर पडत : पाला, त्यावर शेण, त्यावर मूत्राची माती आणि लाकडाची राख. राखेने आम्लता कमी होई. आधीच्या खड्ड्यातील, बुरशी चढलेले थोडे खत विरजणासारखे मिसळत. वरून पाणी शिंपडत. शेण थोडे लागे, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा फायदा होता. त्यामुळे उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या थापता येत.

१२/ खड्ड्याचे काम भरून संपत नसे. सारे मिश्रण तीन वेळा उलथेपालथे करावे लागे : पहिल्यांदा दोनतीन आठवड्यांनी, नंतर साधारण महिन्याने आणि मग दोन महिन्यांनी. सुरुवातीला बुरशी काम करी, पुढे जिवाणू. दोघांनाही हवा हवी असे. खत सुमारे तीन महिन्यांत तयार होई. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरत आणि आत हवा पोहोचत नसे. तेव्हा नियम बदलला : पावसाळ्यात खड्डा नको, जमिनीवर ढीग करायचा. पुढे ढिगात पहारीने उभी भोके पाडून हवा खेळती ठेवण्याची युक्तीही आली. दुर्गंधी आणि माश्या हे हवा कोंडल्याचे लक्षण मानले जाई. गच्चीवरच्या पिंपाला सुटणारा वास हीच गोष्ट सांगत असतो.

१३/ १९३१ साली हॉवर्ड इंदूर सोडून गेले, पण काम थांबले नाही. १९३४ साली जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतील मैला आणि कचरा याच पद्धतीने कुजवण्यावर पुस्तिका काढली. एप्रिल १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले असता त्यांनी ही संस्था पाहिली. ग्रामसफाई आणि खत हे दोन्ही प्रश्न त्यांच्या मनात एकत्रच होते. ‘हरिजन’मधून या पद्धतीची माहिती वाचकांपर्यंत गेली. केनियातील कॉफीच्या आणि बंगाल-आसामकडील चहाच्या मळ्यांतही इंदूर पद्धत पोहोचली.

१४/ इतक्या यशानंतरही एक अप्रिय प्रश्न उरतो. ज्या माळव्यातील शेतकऱ्यासाठी ही पद्धत घडली, त्याच्या शेतात ती मळ्यांइतक्या वेगाने का रुजली नाही? उत्तर पद्धतीतच आहे. ढीग ओला ठेवायला पाणी लागे, तीनदा उलथायला माणसे लागत. मळेवाल्याकडे मजूर होते. अल्पभूधारकाकडे उन्हाळ्यात प्यायलाही पाणी पुरत नसे. १९३९ च्या सुमारास बंगळूर येथे सी. एन. आचार्य यांनी वेगळी पद्धत मांडली. तिच्यात ढीग उलथावा लागत नाही; तो मातीने लिंपून बंद ठेवतात. वेळ अधिक लागतो, पण कष्ट वाचतात. इंदूरची उणीव बंगळूरने भरून काढली आणि आज शेतीच्या अभ्यासक्रमात दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी शिकवल्या जातात.

१५/ हॉवर्ड यांचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ १९४० साली आले. त्यात त्यांनी रासायनिक खतांवर कडक टीका केली. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेती आणि बागकामाचे मासिक सुरू केले, तेव्हा सहयोगी संपादक म्हणून हॉवर्ड यांचे नाव घेतले. या मासिकाने शेतीतला खड्डा परसबागेत आणला. इंग्लंडमध्ये ईव्ह बॅल्फर यांचे ‘द लिव्हिंग सॉइल’ १९४३ साली प्रसिद्ध झाले. हॉवर्ड १९४७ साली वारले.

१६/ किंग यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘पर्मनंट ॲग्रिकल्चर’, म्हणजे चिरस्थायी शेती, असा शब्दप्रयोग होता. १९२९ साली जे. रसेल स्मिथ यांनी वृक्षशेतीवरील ग्रंथाला तेच उपशीर्षक दिले. १९७८ साली टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी हेच दोन शब्द जोडून ‘पर्माकल्चर’ हा शब्द रूढ केला. निरीक्षण आधी, हस्तक्षेप नंतर; वाया जाणारे काहीही नाही; आणि लहान प्रयोगापासून सुरुवात : पर्माकल्चरची ही सूत्रे इंदूरच्या खड्ड्याजवळ उभ्या असलेल्या माणसांना नवी वाटली नसती.

१७/ महाराष्ट्रात हा विचार श्री. अ. दाभोलकर (१९२४–२००१) यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने वेगळ्या वाटेने पुढे नेला. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. प्रत्येक शेतकऱ्याने आणि बाग करणाऱ्याने स्वतः प्रयोग करावा, मोजावे, नोंदवावे आणि इतरांना सांगावे, हा त्यांचा आग्रह होता. पश्चिम महाराष्ट्रातील द्राक्ष बागाईतदारांपासून घराच्या गच्चीपर्यंत हा विचार पोहोचला. सल्ला देणाऱ्याच्या हाताशी जमीन नाही, ही जी बोच हॉवर्ड यांना वेस्ट इंडिजमध्ये लागली होती, तिचे उत्तर इथे सापडते. जमीन ज्याच्या हाताशी आहे, तोच इथे संशोधक झाला.

१८/ म्हणून ‘इंग्रजाने आमचे ज्ञान नेले’ आणि ‘इंग्रजाने आम्हांला खत करायला शिकवले’ ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत. इंदूरच्या खड्ड्यात चिनी शेतकऱ्याचा अनुभव होता, रोथॅमस्टेडचे मोजमाप होते, माळव्याची पऱ्हाटी होती, गॅब्रिएल हॉवर्ड यांची दृष्टी होती आणि यशवंत वाड यांचे रसायन होते. यातला एकही थर वगळला तर इतिहास नीट कुजत नाही. गच्चीवरच्या पिंपाला वास सुटलाच, तर ते उलथून त्यात थोडा सुका पाला आणि राख मिसळावी. इंदुरातही हेच शिकायला काही वर्षे लागली होती.